सेप्सिसवरचा तो मेसेज पुढे पाठवू नका, त्यातल्या चौथ्या मुद्द्याने माणूस जाऊ शकतो

परवा मामीचा फोन आला. मामा आयसीयूतून घरी येऊन जेमतेम तीन आठवडे झालेत, लघवीच्या इन्फेक्शनवरून सेप्सिस झाला होता (इन्फेक्शनला शरीराचाच प्रतिसाद बिघडून अवयव निकामी होऊ लागतात तो), अकरा दिवस आत होता, त्यामुळे फोन वाजला की अजून पोटात गोळा येतो. तर मामी विचारते, "अगं, त्याची इम्युनिटी कमी झालीये हे माझ्या लक्षात यायला हवं होतं का? मीच कमी पडले का गं?" आणि मग तिने मला तो मेसेज पाठवला. मावसभावाने टाकलेला, चांगल्या मनानेच टाकलेला, पण त्यामुळे ती बाई रात्र रात्र स्वतःला दोष देत बसलीये, म्हणून हे लिहितेय आणि चिडून लिहितेय.

मेसेजमध्ये पाच गोष्टी आहेत. सेप्सिस फक्त इम्युनिटी कमी असलेल्यांनाच होतो. इम्युनिटी बूस्ट केली की तो होत नाही, झालेला असला तरी उतरतो. व्हिटॅमिन सीचे मोठे डोस शिरेतून दिले की बरा होतो. चौथी, अँटिबायोटिकने जंतू फुटतात आणि त्यांचं विष रक्तात उतरतं, म्हणून पहिले दोन दिवस अँटिबायोटिक घेऊ नका, शरीराला लढू द्या. आणि शेवटी, शरीरात 'कॉम्प्लिमेंट' नावाची यंत्रणा आहे, ती बंद करणारं औषध केव्हाच निघालंय पण कंपन्यांनी दाबून ठेवलंय.

मी डॉक्टर नाही. पण कॉम्प्लिमेंटच्या टेस्ट लावणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे निदान या विषयावर तरी मला गप्प बसवत नाही.

चौथ्यापासूनच सुरू करते. दोन दिवस थांबा? न्यूयॉर्क राज्यात सेप्सिसच्या पेशंटला ठरलेल्या वेळेत उपचार द्यायचा नियम आहे, तिथल्या १४९ हॉस्पिटलमधल्या ४९,३३१ पेशंटचा अभ्यास २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलाय. अँटिबायोटिकला जितका उशीर तितकी मृत्यूची शक्यता वाढत गेली, दर तासामागे साधारण ४ टक्के. तासामागे! आणि तो हिशोबसुद्धा पहिल्या बारा तासांतलाच आहे, अठ्ठेचाळीस तास पेशंटला नुसतं ठेवून बघण्याचा विचारही तिथे कुणी केला नव्हता. मामाला ज्या रात्री नेलं त्या रात्री हा मेसेज मामीच्या फोनवर असता तर काय झालं असतं, हे मला डोक्यातून काढता येत नाहीये.

यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. काही अँटिबायोटिकने जंतूंची भिंत फुटते आणि ग्राम-निगेटिव्ह नावाच्या गटातल्या जंतूंमधून एंडोटॉक्सिन, म्हणजे त्यांच्या आवरणातलं विष, सुटतं, टेस्टट्यूबमध्ये ते मोजता येतं. सिफिलिससारख्या आजारात पहिल्या डोसनंतर काही तासांत थंडीताप भडकतो, यारिश-हर्क्सहायमर रिअ‍ॅक्शन म्हणतात त्याला, तेही खरं. पण म्हणून तिथेही कुणी औषध थांबवत नाही.

आणि मेसेज लिहिणाऱ्याला एक गोष्ट माहीतच नाहीये, की जंतू फोडायचं काम आपलं शरीर स्वतःच करतं. कॉम्प्लिमेंट म्हणजे रक्तात कायम फिरणारी तीसहून जास्त प्रथिनं, बहुतेक लिव्हरमध्ये बनणारी, एरवी शांत असतात. जंतूवर अँटिबॉडी चिकटलेली सापडली, किंवा त्याच्या अंगावरची ठरावीक साखर सापडली, किंवा नुसताच परका पृष्ठभाग मिळाला, की एक प्रथिन दुसऱ्याला कापतं, ते पुढच्याला, अशी साखळी सुटते. तिन्ही वाटा सी३ नावाच्या प्रथिनापाशी येऊन मिळतात. सी३चा एक तुकडा जंतूला चिकटतो, ती खूण बघून आपल्या पेशी त्याला गिळतात. पुढे सी५ तुटतं आणि त्याचा एक तुकडा धरून सी९पर्यंतची प्रथिनं मिळून जंतूच्या आवरणाला आरपार भोक पाडतात.

हे डोळ्यांनी बघता येतं. अँटिबॉडी लावलेल्या मेंढीच्या लाल पेशी ट्यूबमध्ये असतात, गढूळ लाल दिसतात. त्यात ताजं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारं पिवळसर पाणी, घालून ३७ डिग्रीला ठेवायचं. अर्ध्या तासात गढूळपणा जातो, ट्यूब लेबलसमोर धरली तर पलीकडची अक्षरं वाचता येतात, कारण पेशी फुटून गेलेल्या असतात. तेच सीरम आधी ५६ डिग्रीला अर्धा तास तापवलेलं असेल तर काही म्हणजे काही होत नाही, पेशी तळाला बटणासारख्या बसून राहतात. बेल्जियमच्या ज्यूल्स बोर्देने १८९० च्या दशकात हेच पाहिलं, की सीरम तापवलं की त्याची जंतू मारायची ताकद जाते आणि थोडं ताजं सीरम घातलं की परत येते. १९१९ चं नोबेल त्याला इम्युनिटीवरच्या शोधांसाठी मिळालं.

मग आता सांगा, 'जंतू फुटतील म्हणून औषध नको, इम्युनिटीला लढू द्या' याला अर्थ काय राहिला? इम्युनिटी लढते तेव्हाही जंतू फुटतात आणि एंडोटॉक्सिन तेव्हाही सुटतं. फक्त औषध नसलं तर उरलेले जंतू वाढत राहतात आणि प्रत्येक नवा जंतू म्हणजे कॉम्प्लिमेंटला पेटायला नवीन जागा. मेलेल्या जंतूंच्या तुकड्यांनीही साखळी पेटते हे खरं, पण तुकडे साफ होतात, त्यांची पिल्लं होत नाहीत.

आता पहिला आणि दुसरा मुद्दा एकत्रच घेते. सेप्सिसची २०१६ पासूनची व्याख्याच अशी आहे की इन्फेक्शनला शरीराने दिलेला प्रतिसाद ताळ्यावर राहत नाही आणि त्यामुळे अवयव निकामी होऊ लागतात, जिवावर बेततं. 'प्रतिसाद कमी पडतो' असं त्यात कुठेही नाही. सी५ तुटतं तेव्हा दुसरा एक छोटा तुकडा सुटतो, सी५ए. एखाद्या जखमेत तो फार कामाचा, कारण त्याच्या मागावर पांढऱ्या पेशी तिथे धावत येतात, आजूबाजूच्या बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, सूज येते, लढाई तिथल्या तिथे संपते. सेप्सिसमध्ये हाच सी५ए अख्ख्या रक्तात सुटतो. मग रक्तवाहिन्या सगळीकडेच झिरपायला लागतात, पाणी वाहिनीबाहेर जातं, बीपी कोसळतं आणि अंग सुजतं. मामाच्या बोटातली अंगठी दुसऱ्या दिवशी कापून काढावी लागली होती, बोट निळसर पडायला लागलं होतं. घरचे सगळे म्हणत होते सलाईन जास्त दिलं, सलाईन जास्त दिलं. सलाईनचा वाटा असतो त्यात, पण पाणी वाहिनीत टिकतच नव्हतं हे मूळ कारण होतं.

एवढ्यावर थांबत नाही. सी५ए रक्त गोठवणारी यंत्रणाही चेतवतो, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात, त्यात प्लेटलेट्स संपतात, आणि गोठण्याच्या साखळीतला थ्रॉम्बिन उलटा येऊन सी५ तोडू शकतो, म्हणजे दोन आगी एकमेकींना वारा घालतात. आणि सगळ्यात विचित्र प्रकार पांढऱ्या पेशींचा. न्यूट्रोफिल हा पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, ज्या न्यूट्रोफिलला सी५ए बोलावून आणतो त्याच्यावर सगळ्या बाजूंनी सी५एचा मारा झाला की तो सी५ए ओळखणारे आपले रिसेप्टर आत ओढून घेतो आणि बधिर होतो, जंतू समोर असला तरी धड मारत नाही. म्हणजे एकाच माणसात एकाच वेळी सूज हाताबाहेर आणि जंतू मारणाऱ्या पेशी सुन्न. यात 'बूस्ट' नेमकं कशाला करणार? कुठलं बटण दाबणार?

इथेही थोडं मान्य करते. म्हातारी माणसं, नुकती जन्मलेली बाळं, केमोथेरपीवर असलेले, डायबेटिस असलेले, प्लीहा काढलेले, यांना धोका जास्त असतोच. आणि आयसीयूत दिवस लांबले तर इम्युनिटी खरंच दबते, नवीन इन्फेक्शन होतात. पण मेनिंगोकॉकस, म्हणजे मेंदूज्वराचा एक जंतू, धडधाकट तरुण पोराला एका दिवसात सेप्सिसमध्ये नेतो, त्याचं काय?

मामीच्या डोक्यात हे पक्कं बसण्याचं कारण एक रिपोर्ट होता. किडनीच्या डॉक्टरांनी सी३ची टेस्ट पाठवली होती, ते ६१ आलं, नॉर्मल साधारण ९० ते १८०. मावसभावाने त्याचा फोटो मेसेजखाली चिकटवून लिहिलं, 'बघा, इम्युनिटी संपलेली.' अरे, सी३ कमी आलं कारण ते वापरलं गेलं. लिव्हर बनवत होतं त्यापेक्षा जास्त वेगाने तुटत होतं, त्याचेच तुकडे रक्तात धुमाकूळ घालत होते. मामीला मी हेच तीनदा सांगितलं, की हा आकडा तुझ्या दुर्लक्षाचा नाही, त्या आठवड्यात मामाच्या अंगात जी आग लागली होती तिचा आहे.

व्हिटॅमिन सीवर फार वेळ घालवत नाही. लोव्हिट नावाची ट्रायल झाली, २०२२ मध्ये छापून आली, कोसळलेलं बीपी वर धरून ठेवणाऱ्या औषधावर असलेले आठशेहून जास्त सेप्सिसचे पेशंट, शिरेतून मोठे डोस. २८ दिवसांनी मृत्यू किंवा अवयव निकामी राहणं हे व्हिटॅमिन सी दिलेल्यांत ४४.५ टक्के आणि न दिलेल्यांत ३८.५ टक्के. दिलेल्यांत जास्त. विषय संपला.

राहिला दाबून ठेवलेल्या औषधाचा मुद्दा, आणि हा माझ्या कामातलाच असल्यामुळे जास्त लागतो. लपवलेलं काहीही नाही. १९९९ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये उघड छापून आलं होतं की सेप्सिस केलेल्या उंदरांना सी५ए अडवणारी अँटिबॉडी दिली तर जास्त उंदीर जगतात. कल्पना चांगली आहे, मलाही त्यातून खूप आशा आहे. सी५ अडवणारं इक्युलिझुमॅब २००७ पासून बाजारात आहे, लाल पेशी फुटण्याच्या एका दुर्मिळ आजारासाठी आलं. पण ते घेणाऱ्यांना मेनिंगोकॉकसचा धोका हजार ते दोन हजार पट वाढतो, म्हणून आधी लस द्यावी लागते, औषधाच्या माहितीपत्रकावर तो इशारा चौकटीत छापलेला असतो. जन्मतः सी५ ते सी९ यातलं एखादं नसलेल्या लोकांनाही हाच जंतू पुन्हा पुन्हा गाठतो. म्हणजे भोक पाडायची ताकद काढून घेतली तर तोच जंतू जिंकतो. म्हणून फक्त सी५ए पकडायचा आणि बाकी साखळी चालू ठेवायची, असं औषधही केलंय, व्हिलोबेलिमॅब, त्याला २०२३ मध्ये अमेरिकेत इमर्जन्सी परवानगी मिळाली, तीही व्हेंटिलेटर किंवा एक्मोवरच्या (शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन भरणारं यंत्र) कोविड पेशंटसाठी. सेप्सिससाठी नाही. उंदराला सुई कधी टोचायची हे आपण ठरवतो, त्याला सेप्सिस कोणत्या मिनिटाला झाला हे आपल्याला माहीत असतं. माणूस येतो तेव्हा साखळी कधीची पेटलीये हेच कळत नाही.

मावसभावाशी काल बोलले. त्याने मेसेज काढून टाकला आणि विचारलं, मग त्याजागी काय टाकू? त्याला हे दिलंय: इन्फेक्शन झालेल्या माणसाचा श्वास जलद चालू झाला, तो असंबद्ध बोलायला लागला किंवा उठवून उठत नाहीये, लघवी जवळपास थांबली, हातपाय गार पडले किंवा गुडघ्यावर जांभळट जाळी दिसायला लागली, तर ताप असो नसो, सेप्सिसमध्ये अंग थंडही पडतं, लगेच इमर्जन्सीला न्या आणि तिथे सरळ विचारा, "हा सेप्सिस असू शकतो का?" मामा त्या रात्री मामीला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारत होता. मामीने अर्ध्या तासात त्याला गाडीत घातलं.