नॉर्मल रेंज म्हणजे लॅबवाल्यांची थाप? त्या फॉरवर्डला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात तो मेसेज माझ्याकडे तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आला, तुमच्याकडेही आला असेलच. थोडक्यात त्यात असं म्हटलंय की रिपोर्टवर छापतात ती नॉर्मल रेंज म्हणजे लॅबमध्ये येणाऱ्या आजारी लोकांचीच सरासरी, दोन लॅबच्या रेंज जुळत नाहीत म्हणजे आकडे मनानेच टाकलेले, शुगरची लिमिट १४० वरून १२६ केली ती औषधं खपवायला, सगळ्यांना एकच रेंज लावतात, आणि शेवटी काय तर खरा निरोगी माणूस रेंजच्या बरोब्बर मधोमध असतो, तुम्ही तिथे नसाल तर तब्येत बिघडायला लागलीच म्हणून समजा. रेंज खोटी, पण त्याच खोट्या रेंजचा मध्य मात्र एकदम खरा! हे कसं जमतं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. मी लॅबमध्येच काम करते त्यामुळे थोडी चिडून लिहितेय, पण मेसेजमध्ये एक-दोन गोष्टी खऱ्या आहेत, त्याही सांगते.

तर "आजारी लोकांची सरासरी". अहो सरासरी काढली तर एकच आकडा येईल ना, रेंज कुठून येणार? करतात असं की आधी निरोगी माणसं निवडायची, त्यांच्याकडून फॉर्म भरून घ्यायचा, कुठली औषधं चालू आहेत, दारू-सिगरेट, नुकतं काही आजारपण किंवा ऑपरेशन, प्रेग्नन्सी, हल्लीच रक्तदान केलंय का, सगळं विचारायचं, आणि कोणाला वगळायचं याचे नियम रक्त काढायच्या आधीच ठरवून ठेवायचे, रिपोर्ट बघून "हा आकडा काही बरा दिसत नाही, काढा याला" असं करायचं नाही. मग सगळ्यांचं सॅम्पल एकाच पद्धतीने घ्यायचं, म्हणजे फास्टिंग तर सगळ्यांचं फास्टिंग, बसवून तर सगळ्यांना बसवून. बसण्याचं हसू येईल पण माणूस आडवा असताना घेतलेलं रक्त आणि उभं राहिल्यावर घेतलेलं रक्त यात फरक पडतो, उभं राहिलं की रक्तातलं थोडं पाणी वाहिन्यांबाहेर झिरपतं आणि मागे राहिलेली प्रोटीनं न् पेशी जरा दाट होतात, हिमोग्लोबिन वाढलेलं दिसतं, माणूस तोच.

एवढं झालं की आकडे चढत्या क्रमाने लावायचे, खालचे अडीच टक्के सोडायचे, वरचे अडीच टक्के सोडायचे, मधले ९५ टक्के जिथून जिथवर पसरलेत ती रेंज. बस, इतकंच आहे ते. सीएलएसआय म्हणजे लॅबसाठी मानकं ठरवणारी संस्था, तिची जी गाईडलाईन लॅबवाले मानतात त्यात प्रत्येक गटासाठी किमान १२० माणसं सांगितलीत. एवढी का, तर १२० माणसांत खालची सीमा साधारण खालून तिसऱ्या माणसाच्या आकड्यावर येते आणि वरची वरून तिसऱ्याच्या, म्हणजे अख्खी सीमा दोन-चार माणसांवर लटकलेली असते, आणि याहून कमी माणसं घेतली तर ती सीमा किती इकडेतिकडे होऊ शकते याचा अंदाजसुद्धा या पद्धतीने धड बांधता येत नाही.

आता यातून एक गोष्ट आपोआप निघते जी मेसेजवाल्याने लिहायला हवी होती पण लिहिली नाही. ज्या ठणठणीत माणसांवरून रेंज बनवली त्यांच्यातलेच पाच टक्के रेंजच्या बाहेर पडतात, मुद्दाम तसंच ठरवलंय. मग तुम्ही फुल बॉडी चेकअपमध्ये २० टेस्ट केल्यात, त्या एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरलं, तर पूर्ण निरोगी माणसाचाही एक तरी आकडा रेंजबाहेर म्हणून बोल्डमध्ये छापून यायची शक्यता ६४ टक्के निघते. शंभर निरोगी माणसांत चौसष्ट जण! आणि मग ते घाबरून फोन करतात, त्यांचं काही चुकत नाही, त्या "नॉर्मल" शब्दाचंच चुकतंय. फिनलंडचे संशोधक ग्रासबेक आणि सारिस यांनी १९६९ मध्येच नॉर्मल ऐवजी "रेफरन्स व्हॅल्यू" म्हणायचं सुचवलं, म्हणजे तुलनेसाठीचा आकडा, पण आपल्या तोंडी अजून नॉर्मलच बसलंय, माझ्याही.

खरा भाग पण सांगते. लॅबमध्ये साठलेल्या पेशंटांच्या डेटावरून रेंज काढायची पद्धत खरोखर आहे, इनडायरेक्ट पद्धत म्हणतात तिला, हॉफमनने १९६३ मध्ये मांडली. पण तिथेही सरसकट सरासरी नाही काढत, त्या मिसळलेल्या ढिगातून निरोगी लोकांचा उंचवटा गणिताने वेगळा करतात. त्यासाठी वापरतात ती एक रीत सी. जी. भट्टाचार्य यांची, १९६७ ची, आणि गंमत म्हणजे माशांचा अभ्यास करणारे लोक तीच रीत माशांच्या लांबीवरून त्यांचे वयाचे गट पाडायला वापरतात. दुसरं, "निरोगी" म्हणून घेतलेल्या लोकांत लपलेला आजार असू शकतो, हाही आक्षेप बरोबर आहे. लिव्हरच्या एएलटी टेस्टचं हेच झालं होतं, मिलानमधल्या रक्तदात्यांवर झालेल्या २००२ च्या अभ्यासात लिव्हरला धोका असलेली माणसं बाजूला काढून परत मोजलं तेव्हा वरची सीमा पुरुषांना ३० आणि बायकांना १९ इतकी खाली आली, म्हणजे आधीच्या रेंजमध्ये फॅटी लिव्हरवाले गुपचूप बसलेले असणार. पण लक्षात घ्या, ही चूक पकडली ती अभ्यास करणाऱ्यांनीच, फॉरवर्डने नाही.

दोन लॅबच्या रेंज का जुळत नाहीत? कारण मशीन वेगळं, किट वेगळं, पद्धत वेगळी. एएलटीचंच घ्या, रिएजंटमध्ये म्हणजे टेस्टच्या रसायनात बी६ व्हिटॅमिनचं एक रूप घालतात किंवा नाही घालत, आणि तेवढ्यावर आकडा बदलतो. हार्मोनच्या टेस्टमध्ये प्रत्येक कंपनीची अँटीबॉडी वेगळी, ती त्याच हार्मोनला वेगळ्या जागी पकडते. रेंज त्या त्या पद्धतीबरोबर यायलाच हवी, उलट सगळीकडे एकच रेंज छापली असती तर मला जास्त संशय आला असता. जिथे मोजमाप जगभर एका मापाला बांधून घेतलंय, उदाहरणार्थ एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची टेस्ट) किंवा क्रिएटिनिन (किडनीची टेस्ट), तिथे लॅबालॅबांत फार फरक राहात नाही. हां, एक कबूल करते, प्रत्येक लॅब काही १२० माणसं जमवत बसत नाही, किट बनवणाऱ्याची रेंज घेते आणि आपल्याकडची २० निरोगी माणसं तपासते, त्यातली दोनपेक्षा जास्त बाहेर गेली नाहीत तर ती रेंज चालवून घेते, एवढी परवानगी गाईडलाईनमध्येच आहे. पण तेवढंही न करता किटच्या पत्रकावरचे आकडे जसेच्या तसे उचलणारी लॅब मी स्वतः पाहिलीय. तिथे मेसेजवाल्याचा राग मला मान्य.

आता तो १४० आणि १२६ चा किस्सा, सगळ्यात जास्त शेअर होतो तो हाच. इथे घोळ असा आहे की १२६ ही वर सांगितली तसली ९५ टक्केवाली रेंज नाहीच मुळी. तो निर्णयाचा आकडा आहे, म्हणजे कुठल्या आकड्यापासून पुढे नुकसान व्हायला लागतं हे बघून ठरवलेला. १९९७ मध्ये अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या समितीने तो खाली आणला, कारण फास्टिंग शुगर आणि डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा यांचा संबंध मांडल्यावर इजेचं प्रमाण १४० च्या बऱ्याच आधीपासून वाढताना दिसत होतं, शिवाय ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० च्या वर जाणारी कितीतरी माणसं फास्टिंगला १४० च्या आतच सापडत होती, म्हणजे एका टेस्टने डायबेटिस आणि दुसरीने नाही. कोलेस्टेरॉलचंही तसंच, ९५ टक्क्यांच्या हिशोबाने लिमिट छापली तर हार्ट अटॅकच्या वाटेवरचे खूप जण "नॉर्मल" ठरतील, म्हणून तिथेही निर्णयाचा आकडा वापरतात. आणि ट्रोपोनिनला, म्हणजे हार्ट अटॅक ओळखायच्या टेस्टला, ९५ नाही, निरोगी लोकांतल्या ९९ टक्क्यांची रेघ धरतात. कामाप्रमाणे आकडा. पण असे आकडे माणसं बसून ठरवतात आणि माणसांत मतभेद होतात हे खरंय, व्हिटॅमिन डी ला एका संस्थेने २० पुरे म्हटलं, हार्मोनच्या डॉक्टरांच्या एंडोक्राइन सोसायटीने २०११ मध्ये ३० सांगितलं आणि २०२४ मध्ये तिनेच ते ३० चं टार्गेट मागे घेतलं. मेसेजवाल्याने हे उदाहरण घेतलं असतं तर मी गप्प बसले असते.

सगळ्यांना एकच रेंज, हे तर रिपोर्ट न वाचताच लिहिलंय. हिमोग्लोबिनला डब्ल्यूएचओची खालची रेघ पुरुषांना १३, बायकांना १२, प्रेग्नन्सीत साधारण ११, उंच डोंगराळ भागात राहणाऱ्यांना वेगळा हिशोब. वाढत्या वयातल्या पोरांचं अल्कलाइन फॉस्फटेज (हाडं न् लिव्हरमधून रक्तात येणारं एन्झाइम) मोठ्यांच्या रेंजने बघितलं तर सगळीच आजारी निघतील, हाडं वाढतायत म्हणून ते जास्त असतं. पुढे.

राहिलं ते मधोमधचं, आणि हे मला सगळ्यात धोक्याचं वाटतं कारण ऐकायला शहाणपणाचं वाटतं. रेंज असते कितीतरी वेगवेगळ्या माणसांची, पण एका माणसाचा आकडा त्या रेंजच्या एका छोट्या पट्ट्यातच फिरत असतो, कोणाचा खालच्या काठाला, कोणाचा वरच्या. क्रिएटिनिनची रेंज समजा ०.७ ते १.३ आहे. एखाद्याचं कायम ०.७ असतं, ते १.२ झालं, रेंजच्या आतच आहे, बोल्ड नाही, स्टार नाही, कोणी बघणार पण नाही, आणि त्याच्या किडनीचं काम जवळपास चाळीस टक्क्यांनी उतरलेलं असू शकतं. तो ०.७ वरून १.० वर आला की मेसेजप्रमाणे एकदम मधोमध, आदर्श तब्येत! म्हणून जुने रिपोर्ट टाकू नका म्हणतो आम्ही, आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये करा म्हणतो ते धंद्यासाठी नाही.

माझं स्वतःचं हिमोग्लोबिन कितीतरी वर्षं १२.१ ते १२.४ च्या मध्येच आहे, काठावर, आयर्न वगैरे सगळं बघून झालंय, व्यवस्थित आहे. उद्या अचानक १३.६ आलं तर मेसेजच्या हिशोबाने मी पहिल्यांदाच निरोगी होईन, आणि मी मात्र आधी जाऊन बघेन की ट्यूबवर नाव माझंच आहे ना.