हवामानाच्या आधी पिंजरे मोजा

परक्या मुलखात जाऊन रुजलेला पक्षी पुढे कुठवर पसरेल, याचा अंदाज सांगणारे नकाशे हल्ली वरचेवर समोर येतात. जगाचा नकाशा, त्यावर पिवळ्यापासून तांबड्यापर्यंत छटा आणि खाली एक ओळ: अमुक देशाला साळुंकीचा धोका, तमुक किनाऱ्याला कावळ्याचा. मी हे नकाशे आवडीने पाहते, पण त्यांच्यावर जेवढा विश्वास टाकला जातो तेवढा टाकावा असं मला वाटत नाही. हा पक्षी कुठे जगू शकेल, एवढंच ते सांगतात. तो तिथे पोचणार कसा, आणि पोचलाच तर टिकणार का, याबद्दल नकाशा गप्प असतो. खरी गोम तिथेच आहे, आणि ती बहुतेक वेळा हवामानात नसून माणसांत असते.

असा नकाशा बनवण्याची रीत साधी आहे. पक्षी मूळ प्रदेशात जिथे जिथे दिसतो तिथलं तापमान, पाऊस, हिवाळ्याची कडकी वगैरे गोळा करायची आणि जगात आणखी कुठे तसंच हवामान आहे ते संगणकाला शोधायला लावायचं. यात चूक काही नाही. पण मंक पॅराकीट नावाचा हिरवा-राखाडी पोपट बघा. मूळचा अर्जेंटिना आणि आसपासच्या देशांतला. तो गेली कित्येक दशकं शिकागोत राहतोय, तिथल्या बर्फाळ हिवाळ्यासकट. काटक्यांची मोठाली सामाईक घरटी तो स्वतः बांधतो, आणि थंडीत त्याचं पोट जवळजवळ पूर्णपणे लोकांनी अंगणात टांगलेल्या दाण्यांच्या भांड्यांवर चालतं. हवामानाच्या कुठल्या रकान्यात ही दाण्याची भांडी दिसणार?

उलट उदाहरण स्टार्लिंगचं. साळुंकीच्या कुळातला हा युरोपीय पक्षी. १८९० साली युजीन शीफेलिन नावाच्या गृहस्थाने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये साठेक स्टार्लिंग सोडले, पुढच्या वर्षी आणखी चाळीसेक. सुरुवातीला ते शहराच्या आसपासच घुटमळले. मग असे सुटले की १९४२ पर्यंत थेट कॅलिफोर्नियात. आज उत्तर अमेरिकेत ते कोट्यवधी आहेत. ही गोष्ट सगळे सांगतात. पोर्टलंडची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. ऑरेगन राज्यातल्या या शहरात १८८९ साली, म्हणजे सेंट्रल पार्कच्याही आधी, स्टार्लिंग सोडले होते. काही वर्षं ते दिसले, घरटी केली, आणि विसावं शतक उजाडता उजाडता नाहीसे झाले. आता त्याच पोर्टलंडमध्ये स्टार्लिंगचे थवेच्या थवे आहेत, पण ते पूर्वेकडून पसरत आलेल्यांचे वंशज. पक्षी तोच, गाव तेच, हवाही साधारण तीच. नकाशाने दोन्ही वेळा तांबडाच रंग दिला असता.

एकाच पक्ष्याचं एकदा विरून जाणं आणि एकदा खंड व्यापणं, यामागचं कारण शोधताना अभ्यासक पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीपाशी येतात: किती पक्षी सोडले आणि किती वेळा. थोडेच पक्षी असले की एखादा कडक हिवाळा, एखादी वाया गेलेली वीण, नर-माद्यांचं बिघडलेलं प्रमाण, किंवा जोडीदारच न सापडणं, यातलं काहीही एक पुरतं. न्यूझीलंडमध्ये हे छान तपासता आलं, कारण तिथे एकोणिसाव्या शतकात परके पक्षी आणून सोडणाऱ्या रीतसर संस्था होत्या आणि त्यांनी नोंदी ठेवल्या होत्या. त्या नोंदींवरून ऐंशीच्या आसपास जातींचा हिशोब १९९६ साली मांडला गेला. रुजलेल्या आणि न रुजलेल्या जातींतला फरक पक्ष्याच्या अंगच्या कुठल्याही गुणापेक्षा माणसांनी केलेल्या खटाटोपाने जास्त स्पष्ट होत होता.

यावर एक आक्षेप आहे आणि तो मला रास्त वाटतो. जी जात पहिल्या फेरीत तग धरताना दिसली तीच लोकांनी पुन्हा पुन्हा आणली असेल, तर मोठा आकडा हे यशाचं कारण नसून यशाचा परिणाम ठरेल. म्हणून या एका निकषावर सगळा भार टाकता येत नाही. मेंदूचा आकारही मोजावा लागतो. शरीराच्या मानाने मोठा मेंदू असलेले पक्षी नव्या जागी जास्त वेळा टिकतात, हे २००५ साली जगभरच्या नोंदींवरून दाखवलं गेलं. आणि कधीकधी अगदीच बारीक सवयी आड येतात. कॅनडातल्या व्हँकूव्हरमध्ये १८९० च्या दशकात चीनकडची तुरेवाली मैना रुजली, हजारोंनी वाढली, पण शहराबाहेर म्हणून गेली नाही. उबदार मुलखातली अंडी उबवायची सवय तिने थंड प्रदेशात तशीच ठेवली, त्यामुळे अंडी फुकट जात. त्यात स्टार्लिंग येऊन ढोल्या बळकावू लागले. २००३ मध्ये ती तिथून पूर्ण संपली. अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये १८७० साली सोडलेली युरोपातली ट्री स्पॅरो तर आजही त्याच पंचक्रोशीत बसून आहे, आणि तिची सख्खी भावकी, म्हणजे आपली नेहमीची चिमणी, सगळा खंड पालथा घालून मोकळी झाली. हे आधी कुणी छातीठोकपणे सांगितलं असतं का? मला नाही वाटत.

लंडनच्या पोपटांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण अंदाजाचं शास्त्र सुधारतं कसं ते तिथे दिसतं. गळ्याला गुलाबी कंठ असलेला हा पोपट आफ्रिका आणि भारतीय उपखंडातला. एवढा मोठा मूळ प्रदेश सरसकट एकत्र धरून हिशोब केला तर उत्तर युरोप त्याच्यासाठी फार थंड ठरायचा. प्रत्यक्षात ब्रिटनमध्ये १९६९ पासून त्याची वीण होतेय, आणि ब्रुसेल्समध्ये १९७४ साली एका करमणूक बागेतून मुद्दाम सोडलेल्या चाळीसेक पोपटांचे आज हजारो झालेत. मग जनुकीय तपासणी झाली तेव्हा कळलं की युरोपात रुजलेले पोपट मुख्यतः पाकिस्तान आणि उत्तर भारताकडच्या वंशातले आहेत, म्हणजे हिवाळा सोसणारे. २०१५ च्या एका अभ्यासात हे वेगवेगळे वंश आणि मूळ प्रदेशातच असलेली माणसांच्या वस्तीजवळ राहायची सवय, या दोन्ही गोष्टी हिशोबात घेतल्या, आणि युरोपचा अंदाज कितीतरी जवळ आला. म्हणजे "पोपट कुठे जगतो" याऐवजी "कुठला पोपट पिंजऱ्यात भरला होता" हे विचारल्यावर गणित सुटायला लागलं.

(लंडनमध्ये पहिली जोडी एका प्रसिद्ध रॉक गिटारवादकाने सोडली, अशी दंतकथा आहे. गुन्हेगाराचा ठावठिकाणा शोधायला पोलीस वापरतात ते नकाशाचं तंत्र २०१९ मध्ये पोपटांच्या जुन्या नोंदींना लावून पाहिलं, तर त्या कथेला काडीचाही आधार मिळाला नाही. पोपट अनेक ठिकाणांहून, अनेक वेळा सुटले होते. पण एकच नाव घेता आलं की लोकांना बरं वाटतं.)

पसरण्याच्या वेगाचं जुनं गणित फार देखणं आहे. १९५१ साली स्केलम या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मध्य युरोपात सुटलेल्या मस्करॅट या पाण्याकाठी राहणाऱ्या उंदीरवर्गीय प्राण्याचा हिशोब मांडून दाखवला की व्यापलेल्या क्षेत्राचं वर्गमूळ वर्षागणिक सरळ रेषेत वाढतं. पाण्यात पडलेल्या शाईच्या थेंबासारखं, सगळीकडे सारखं पसरणं. पक्षी मात्र उड्या मारतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडचा हाउस फिंच हा चिमणीएवढा पक्षी पूर्वेला बेकायदा विकला जात होता. १९४० च्या सुमारास कारवाईची चाहूल लागताच न्यूयॉर्ककडच्या विक्रेत्यांनी ते सोडून दिले. पुढे त्यांच्या प्रसाराचा वेग काळाबरोबर वाढतच गेला, कारण मुख्य थव्याच्या कितीतरी पुढे छोट्या वसाहती होत होत्या आणि त्या मागाहून जोडल्या जात होत्या. कंठी होला बाल्कन प्रदेशातून निघून स्वतःच्या पंखांवर १९५५ साली इंग्लंडमध्ये घरटं बांधू लागला. अटलांटिक मात्र त्याने पिंजऱ्यातून ओलांडला: १९७४ साली बहामाजमध्ये काही होले सुटले, तिथून फ्लोरिडा, आणि मग बहुतेक अमेरिका.

म्हणून माझं म्हणणं असं की पुढच्या वीस वर्षांचा अंदाज बांधायचा तर पावसाच्या तक्त्याआधी पक्ष्यांच्या व्यापाराचे तक्ते उघडावेत. आकडे बोलके आहेत. बर्ड फ्लूच्या भीतीने युरोपीय संघाने २००५ मध्ये जंगलातून पकडलेल्या पक्ष्यांची आयात थांबवली आणि २००७ मध्ये ती बंदी कायमची केली. जगभरातला नोंदणीकृत व्यापार वर्षाला सुमारे १३ लाख पक्ष्यांवरून १ लाख ३० हजारांच्या आसपास आला. पण तो संपला नाही, वाटा बदलल्या. पूर्वी ज्यांच्या वाट्याला फारसे पक्षी येत नव्हते अशा भागांकडे धोका सरकला. जुन्या आयातीवर बेतलेला नकाशा तिथे आपोआप शिळा झाला. शिवाय पिंजऱ्यापिंजऱ्यात फरक असतो. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला पक्षी सुटला तर बहुधा काही दिवसांत मरतो. जंगलातून पकडलेला मात्र शत्रू ओळखतो, अन्न शोधतो. स्पेन-पोर्तुगालमधल्या अभ्यासांत हा फरक ठळक दिसला. पण "आयात: अमुक हजार पक्षी" या ओळीत तो दिसत नाही.

आता टीकाकारांचा नेहमीचा मुद्दा: हे अंदाज इतके चुकतात तर करायचेच कशाला? समजा शंभर जाती विकल्या जातात आणि त्यातल्या पाच पुढे खरोखर उपद्रव करणार आहेत. नव्वद टक्के अचूक चाळणी लावली तर पाचांपैकी चार-पाच सापडतील, पण उरलेल्या पंचाण्णवांतल्याही नऊ-दहा विनाकारण अडकतील. म्हणजे "धोकादायक" शिक्का बसलेल्यांपैकी दोन-तृतीयांश निरपराध. ऐकायला वाईट वाटतं. पण दोन्ही चुका सारख्या नाहीत. विनाकारण अडकलेल्या जातीची किंमत म्हणजे काही विक्रेत्यांचा बुडालेला धंदा. निसटलेल्या जातीची किंमत पिढ्या मोजतात, आणि ती भरणारे लोक वेगळेच असतात. मी तरी डोळे झाकून पहिली चूक पत्करेन.

कावळ्याचं उदाहरण याच कारणासाठी मला महत्त्वाचं वाटतं. आपल्या ओळखीचा हा कावळा जहाजांवर बसून जग फिरतो. पूर्व आफ्रिकेत तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोचला. झांझिबारमध्ये तर घाण साफ करील म्हणून मुद्दाम आणला. २०२४ मध्ये केनियाने दहा लाख कावळे मारण्याची योजना जाहीर केली. नेदरलँड्समधल्या हूक ऑफ हॉलंड बंदरात १९९४ मध्ये असेच एक-दोन कावळे उतरले, तीन वर्षांनी घरटं झालं, संख्या दोन-तीन डझनांपर्यंत गेली. वाद झाले, प्रकरण न्यायालयात गेलं, लोकांना दया आली (मलाही येते, तो पक्षी काही स्वतःहून आक्रमण करायला निघाला नव्हता), पण शेवटी ते काढले गेले. दोन-तीन डझन आणि दहा लाख. दुसऱ्या आकड्याला पोचल्यावर कितीही अचूक नकाशा काढा, बैल गेला नि झोपा केला.

आणि इथे पक्षीनिरीक्षकांशी माझं थोडं भांडण आहे. वेगळाच, परका पक्षी दिसला की आपण "पिंजऱ्यातला सुटलेला दिसतोय" म्हणतो आणि यादीतून वगळतो, कारण तो यादीत "धरत" नाहीत. न रुजलेल्या पक्ष्यांच्या नोंदी त्यामुळे जवळजवळ नाहीतच, आणि ज्या मॉडेलला फक्त यशस्वी जातीच दाखवल्या जातात त्याला अपयश ओळखता कसं येणार? ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर आता सुटलेल्या पक्ष्यांसाठी वेगळा प्रकार आहे, तेव्हा जागा नसण्याची सबबही उरली नाही. पुढच्या वेळी असा पक्षी दिसला तर तारीख, जागा, एकटा होता की जोडीने, पायात कडं होतं का, चोचीत काटकी होती का, एवढं लिहा. आणि महिन्याभराने तिथे पुन्हा जाऊन तो दिसला नाही, तर तेही लिहा.