सिफिलिसचं कार्ड आमच्याकडे पॉझिटिव्ह, दुसरीकडे निगेटिव्ह: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार, लॅबचा मालक लिहितोय. तुमचा रिपोर्ट इथे चारचौघांत उघडणार नाही, रिव्ह्यूमध्ये तुम्ही स्वतः जेवढं लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो. तुमचं म्हणणं, सिफिलिसचा इलाज पूर्ण झालेला असताना आमच्या रॅपिड कार्डवर पॉझिटिव्ह आलं, तेही धड न दिसणाऱ्या रेघेवरून, दुसऱ्या लॅबमध्ये व्हीडीआरएल (सिफिलिसचीच दुसऱ्या प्रकारची रक्ततपासणी) निगेटिव्ह आली, म्हणजे आमचं किट बोगस, आणि वर आम्ही आणखी एक टेस्ट गळ्यात मारत होतो.

किट बोगस नाही हो. दोन्ही रिपोर्ट एकाच वेळी बरोबर असू शकतात. कार्ड बोटातून काढलेल्या रक्तात ट्रेपोनेमा, म्हणजे सिफिलिसच्या जंतूविरुद्धच्या अँटीबॉडी शोधतं, आणि त्या एकदा तयार झाल्या की बहुतेकांच्या रक्तात जन्मभर राहतात, पेनिसिलिनने जंतू मरतो पण अँटीबॉडी जात नाहीत, त्यामुळे इन्फेक्शन जुनं की आत्ताचं हे कार्डला कळायचा प्रश्नच येत नाही. व्हीडीआरएल आणि तिच्यासारखीच आरपीआर या टेस्ट वेगळ्या अँटीबॉडी बघतात, त्या इलाजानंतर हळूहळू उतरतात, टायटर (रक्त किती पट पातळ केलं तरी टेस्ट पॉझिटिव्ह येते तो आकडा) १:३२ वरून १:८ वर आला की औषध लागू पडलं असं डॉक्टर धरतात आणि बऱ्याच जणांचा पुढे निगेटिव्हही होतो. आम्ही 'गळ्यात मारत' होतो ती आरपीआर, आणि दुसरीकडे जाऊन तुम्ही तिचीच बहीण केलीत की!

आता रेघेचं. कंट्रोलची रेघ, म्हणजे कार्ड नीट चाललं हे दाखवणारी, उमटलीच नाही तर कार्ड बाद, नवीन घ्यायचं. ती उमटली आणि टेस्टची रेघ कितीही फिकट असली तरी पॉझिटिव्हच वाचायचं, आमच्या मनाचं काही नाही त्यात. मात्र किटच्या कागदावर दिलेल्या वेळेतच वाचायचं, नंतर रक्त सुकताना खोटी रेघ येऊ शकते, म्हणून तासाभराने काढलेला तुमचा फोटो कुठल्याच बाजूने पुरावा होत नाही.

आणि हो, ज्यांचा आधी इलाज झालाय त्यांनी हे कार्ड करूच नये, आमच्याकडेही नाही, काउंटरवर फक्त 'आरपीआर टायटर' म्हणा, का ते कोणी विचारणार नाही. तुम्ही मात्र पुढची टेस्ट त्या दुसऱ्या लॅबमध्येच करा, व्हीडीआरएलच करा, टायटरची तुलना एकाच पद्धतीने आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये केलेली बरी. आमचं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.