पाळकाचा पगार कोण देतं? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. "मिशनऱ्यांनी शाळा-दवाखाने उभे करून दिले, आपल्या मंडळ्यांना (स्थानिक चर्चना) ते सांभाळता आले नाहीत, मग दोष परदेशी मिशनला कशाला?" असं आपण विचारलं आहे.

या संस्थांचं ऋण मला पूर्ण मान्य आहे. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेला दवाखाना मी कमी लेखणार नाही. माझा आक्षेप पाळकाचा, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूचा, पगार मिशनने देण्याच्या व्यवस्थेवर आहे.

अमेरिकन मराठी मिशनचं नगरचं केंद्र १८३१ चं. पुढे आसपासच्या खेड्यांत बहुधा एकच माणूस शाळा चालवी, रविवारी उपासना घेई आणि अडल्यानडल्याचे अर्जही लिहून देई. पगार मिशनचा, म्हणून हिशेबही मिशनलाच. मंडळीला ना त्याला जाब विचारता येई, ना त्याला पोसायची सवय लागली. मिशनचा निधी आटला की शाळा, उपासना, अर्ज, तिन्ही एकदम अडत.

हा धोका मिशनलाही दिसला होता. बोस्टनहून मिशनच्या मुख्य संस्थेचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये पाहणीला आले. त्यांचा आग्रह असा: पाळक इथलाच हवा आणि त्याचा पगार मंडळीला पेलेल एवढाच. विचार रास्त होता. पण त्याच धोरणात इंग्रजी शाळा बंद झाल्या आणि शिकून वर येऊ पाहणाऱ्या मुलांची वाट अडली. स्वावलंबन शिकवतानाही निर्णय बाहेरच्यांचाच राहिला, हे मला जास्त खुपतं. कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' हा मिशनबाहेरचा भक्तमेळा काढला, त्यामागे हीच तगमग होती. दोन वर्षांत ते गेले.

मिशनच्या जमिनी पुढे बहुतेक मोठ्या ट्रस्टांकडे गेल्या, गावच्या मंडळीकडे नाहीत. अशी जागा विकायची तर सार्वजनिक ट्रस्टांच्या राज्य कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. वाद पेटला की पंचांची शक्ती तारखांमध्येच संपते, वस्तीतल्या प्रश्नांना कोण वेळ देणार?

परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वर्गही करता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आहे. म्हणून पाळकाचा पगार, वीजबिल, छपराची डागडुजी दशांशातूनच, म्हणजे सभासद देतात त्या उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्यातूनच, भागवा. रीतसर नोंदणी असेल आणि बाहेरून पैसा मिळालाच, तर तो विहीर किंवा वसतिगृहाची खोली अशा एकदाच होणाऱ्या कामाला लावा. दरमहाच्या पगाराला तो लावला, की देणारा थांबेल त्या महिन्यात मंडळीचं कामही थांबेल.