तीनशेचा परवाना, तीसची गल्ली

माझ्या गाडीच्या टायरवर '२२५/४० आर १८ ९२ वाय' असं लिहिलेलं आहे. २२५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे त्या रुंदीच्या चाळीस टक्के उंची. १८ हा रिमचा व्यास, इंचात. ९२ म्हणजे एका टायरने ६३० किलोपर्यंत वजन पेलायला हरकत नाही. आणि शेवटचा वाय म्हणजे या टायरला ताशी ३०० किलोमीटर वेगाने पळायची परवानगी आहे.

स्टुटगार्टमधली माझी गल्ली ताशी ३० च्या हद्दीत येते. म्हणजे परवान्याच्या दहा टक्के. तेही पुढे कचऱ्याची गाडी नसेल तर.

हे टायर खास उन्हाळ्याचे, त्यातही 'हाय परफॉर्मन्स' जातीचे. गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा स्पोर्ट पॅकेजमध्ये ते आपोआप आले, आणि पहिल्याच उन्हाळ्यात मला त्यांची सवय लागली. स्टिअरिंग जरासं वळवलं की गाडी वळलेली असते. पावसात ब्रेक मारला तरी जागच्या जागी. टायरवर युरोपीय लेबल असतं, त्यात ओल्या रस्त्यावरच्या पकडीला ए, पेट्रोलच्या बचतीला सी आणि आवाजाचे डेसिबल वेगळे छापलेले. आमच्या हिला या तिन्हींपैकी फक्त आवाज जाणवतो. तिचं म्हणणं, बारमाही टायर घ्या आणि विषय संपवा. बारमाही टायर ही समंजस माणसांची गोष्ट आहे, हे मीही मान्य करतो.

पण या टायरांच्या अटी फार. त्यांचं रबर गरम रस्त्यासाठी मिसळलेलं असतं. हवा सात अंशांच्या खाली गेली की ते कडक होऊ लागतं आणि पकड सुटत जाते. हा आकडा ढोबळ आहे, सातला काही भोंगा वाजत नाही. भोंगा माझी गाडी चार अंशांना वाजवते: टिंग, आणि पडद्यावर बर्फाची चांदणी. स्टुटगार्टात एप्रिलच्या सकाळी हा टिंग ऐकून मी पहिला चौक असा ओलांडतो की मागचा सायकलवाला घंटी वाजवतो. दुपारी त्याच रस्त्यावर बावीस अंश असतात. तेव्हा गाडी ऑफिसच्या तळघरात उभी असते.

म्हणून वर्षातून दोनदा टायर बदलायचे. हिवाळी टायर अमुक तारखेला चढवाच, असा जर्मनीत कायदा नाही. रस्त्यावर बर्फ किंवा बर्फाचा चिखल असेल, पाणी गोठलेलं असेल, तेव्हा ते हवेत, असं २०१० पासून नियमात स्पष्ट लिहिलं आहे. नसतील तर ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या वाहतूक-गुन्ह्यांच्या दफ्तरात तुमच्या नावावर एक गुण. आयुष्यभर गुणांच्या मागे धावलेल्या मराठी माणसाला सांगून ठेवतो, इथे आठ गुण मिळाले की लायसन्स जातं.

कायद्यात तारीख नाही, पण लोकांच्या तोंडी आहे: ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी, बाकी उन्हाळी. ऑक्टोबर ठीक. पण ईस्टर? २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. म्हणजे जगाला मोटारगाडी देणारा हा देश टायर पौर्णिमेवर बदलतो.

हे मी माझ्या सासऱ्यांना, नानांना, सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच कालनिर्णय काढलं. नाना साताऱ्याचे. एसटीत सगळी नोकरी टायरच्या विभागात, त्यातली बरीच वर्षं रिमोल्डिंगवर, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवण्यावर. मार्चच्या शेवटी ते आमच्याकडे आले ते बॅगेत कालनिर्णय घेऊनच.

"यंदा हनुमान जयंती दोन एप्रिलला," नाना म्हणाले. "तुमचं ईस्टर?"

"पाच एप्रिल."

"मग सरळ सांगा की, हनुमान जयंती झाली की टायर बदला. एवढं इंग्रजी कशाला पायजे?"

दरवर्षी असं जुळत नाही म्हणा. २०२४ मध्ये ईस्टर ३१ मार्चला आला आणि हनुमान जयंती २३ एप्रिलला. त्या वर्षी जुळली ती होळी. पण नानांना अपवादात रस नव्हता.

मात्र पौर्णिमा उलटली म्हणून टायर मिळतात असं नाही. माझे उन्हाळी टायर हिवाळाभर टायरवाल्याच्या गोदामात असतात. या सोयीला इथे हॉटेलच म्हणतात. अंधारी, कोरडी, थंड जागा, रिमसकट टायर आडवे रचलेले, प्रत्येकावर खडूने लिहिलेलं: पुढचा डावा, मागचा उजवा. एका हंगामाचं भाडं पन्नासेक युरो. नानांना मी गोदामाचा फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले.

"अधिक महिन्यात जावयाचं पण एवढं करत न्हाईत," ते म्हणाले. मग समोर जावईच बसलाय हे लक्षात येऊन चष्मा पुसायला लागले.

मार्चअखेरीस पहिला उबदार शनिवार उगवला, आणि सगळ्या स्टुटगार्टला एकाच सकाळी टायर आठवले. फोन केला तर टायरवाल्याने तीन आठवड्यांनंतरची वेळ दिली, तीही दुपारी अडीचची, कामाच्या दिवशी. तोवर मी वीस अंशांत हिवाळी टायर फिरवले. मऊ रबर, वळणावर गाडी किंचित डुलते. शेवटी नेमून दिलेला दिवस आला तेव्हा बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं, आणि रेडिओवरची बाई सांगत होती की आल्बच्या डोंगराच्या चढावर ट्रक अडकलेत. टायरवाल्याला म्हटलं, पुढच्या आठवड्यात येऊ का? तो म्हणाला, पुढचा आठवडा मेच्या मध्यावर आहे.

मेचा मध्यही काही भरवशाचा नाही. बारा ते पंधरा मे या चार दिवसांत इथे बर्फाळ संत येतात. पांक्राटियुस, सेर्वाटियुस, बोनिफाटियुस आणि शेवटी थंडगार सोफी. ते जाईपर्यंत जुनी माणसं टोमॅटोची रोपं बाहेर लावत नाहीत. टोमॅटोला जी सवलत आहे ती माझ्या टायरांना नाही. चढवले.

घरी येतो न येतो तोच डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा पिवळा दिवा. चाकं बदलली की गाडीला नवी ओळख करून द्यावी लागते. मेन्यूत कुठेतरी 'साठवा' असं बटण असतं. ते शोधेपर्यंत नाना खाली आले आणि काठीने चारही टायर ठोकत फिरले. एसटीच्या डेपोत आवाजावरून हवा ओळखतात. ठक, ठक, ठक, आणि चौथ्याला जरा थांबून परत ठक.

"ह्यात कमी हाय."

मी गेज लावलं. खरोखरच बाकीच्यांपेक्षा थोडी कमी निघाली. पिवळा दिवा फक्त पेटतो, कुठला टायर ते सांगत नाही. माझ्या गाडीतली यंत्रणा चाकांच्या फिरण्यावरून अंदाज बांधते, आणि उभ्या गाडीत तिला काही कळत नाही. नानांच्या काठीला कळतं.

हा ठकठकाट ऐकून तळमजल्यावरचे आजोबा बाहेर आले. हे गृहस्थ जिन्याच्या साप्ताहिक झाडलोटीची पाळी काटेकोर पाळतात, आणि दुसऱ्याने पाळली की नाही तेही बघतात. चाकं बदलल्यावर पन्नासेक किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून तपासायचे असतात. हे मला माहीत आहे आणि मी विसरतो, हे त्यांना माहीत आहे. ते टॉर्कचा, म्हणजे ठरलेल्या जोराला 'टक' करणारा, पाना घेऊनच आले होते. त्यांनी १२० न्यूटन मीटरवर काटा लावला आणि एकाआड एक बोल्ट दाबायला लागले. दर वेळी 'टक'. नाना शेजारी उकिडवे बसले आणि प्रत्येक टकला मान हलवू लागले.

नानांना जर्मन येत नाही, आजोबांना मराठी येत नाही, आणि इंग्रजीच्या बाबतीत दोघेही मितभाषी. तरी पुढचा अर्धा तास मला दुभाषा म्हणून कोणी विचारलं नाही. आजोबांनी खिशातून एक युरोचं नाणं काढलं आणि टायरच्या खाचेत उभं केलं. नाण्याची बाहेरची सोनेरी कडा तीन मिलिमीटर असते. ती खाचेत बुडाली तर ठीक, दिसली तर टायर संपत आला. कडा दिसत होती. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. नानांनी नाणं बाजूला सारून खाचेत करंगळी घातली, डोळे मिटले, आणि त्यांनीही माझ्याकडे पाहिलं.

"कायद्याने १.६ चालतं," मी दोन्ही भाषांत म्हणालो.

दोघांनी एकदमच नकारार्थी मान हलवली. नानांचं कारण रिमोल्डवाल्याचं: पार गोटा होईपर्यंत घासला की आतलं केसिंग, म्हणजे टायरचा सांगाडा, जातं, मग टायर कशाच्याच कामाचा राहत नाही. आजोबांचं कारण ऑटोबानचं. रुंद टायर, उथळ खाच आणि जुलैतला वळवाचा पाऊस एकत्र आले, की पाणी बाहेर फेकायला जागा उरत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगते. त्यांनी हाताचा पंजा हवेत सपकन सरकवून दाखवला. नाना म्हणाले, "बरोबर हाय. कराडजवळ एकदा गाडी अशीच गेलती." आजोबांनी गंभीरपणे "या, या", म्हणजे हो, हो, केलं. त्यांना काय कळलं ते त्यांनाच ठाऊक, पण दोघांत मतभेद नव्हता.

शिवाय दोघांनाही माझ्या टायरची उंची पसंत नव्हती. २२५ चे चाळीस टक्के म्हणजे नऊ सेंटिमीटर. रस्ता आणि रिम यांच्यात एवढंच रबर. खड्डा आला की धक्का थेट कण्याला. फुटपाथच्या कडेला गाडी लावताना अंदाज बोटभर चुकला की रिमला ओरखडा, म्हणून मी रस्त्याच्या इतक्या मध्यावर पार्क करतो की लोकांना वाटतं मी उतरून पत्ता विचारायला गेलोय. नाना म्हणाले, "हे साताऱ्याला आणलं तर पोवई नाक्यापर्यंत टिकायचं न्हाई."

तर नवे टायर. चार नग, बसवणावळ आणि बॅलन्सिंगसकट साडेसहाशे युरोच्या घरात. नानांनी रुपये काढले आणि पाणी मागितलं. मग रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं की सतरा मेपासून अधिक महिना लागतोय. जावयाला धोंड्याचं वाण द्यायचं आहे, अनारसे इथे मिळत नाहीत, तर चारांपैकी एक टायर त्यांच्याकडून.

"अहो बाबा, टायर कोणी वाणात देतं का?" ही म्हणाली.

"वाणात जाळीचं, भोकाचं द्यायचं असतं," नाना म्हणाले. "ह्याला केवढं हाय बघ."

आजोबांनी पुढच्या डाव्याची शिफारस केली. ड्रायव्हरच्या बाजूचा म्हणून.

नव्या टायरांचंही एक पथ्य असतं. साच्यातून सुटताना लागलेला बुळबुळीतपणा जाईपर्यंत, म्हणजे पहिले दोन-तीनशे किलोमीटर, जपून चालवायचं. म्हणजे साडेसहाशे युरो मोजून मी आणखी हळू जाऊ लागलो. ते किलोमीटर नानांना किल्ले दाखवण्यात संपवले. होहेनझोलर्नचा किल्ला झाला, होहेननॉयफेनचा झाला. नानांनी दोन्हीकडे दरवाजा उत्तराभिमुख की पूर्वाभिमुख हे पाहिलं आणि अजिंक्यताऱ्यावरून वारा चांगला येतो, असं मत दिलं.

आणि मग एका रविवारी चोवीस अंश होते. रस्ता कोरडा, ऊन तासन्‌तास त्यावर पडलेलं, टायर आतपर्यंत गरम. आल्बवर चढणारा वळणावळणाचा घाट, पुढे एकही ट्रक नाही. वेग कायद्यातलाच, पण त्या वळणांवर तेवढाही पुष्कळ होतो. प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम पोस्टकार्डाएवढा. त्या चार पोस्टकार्डांवर गाडी अशी घट्ट वळत गेली की मागे बसलेली ही आवाजाबद्दलसुद्धा काही बोलली नाही. नानांनी वरचं हँडल धरलं होतं. तिसऱ्या वळणानंतर त्यांनी ते सोडलं.

"आता धरलं," ते म्हणाले. "आपल्या टायरनं."

वर पोचलो तर मोटरसायकलवाल्यांची जत्रा भरली होती आणि परतताना बोगद्यापासून घरापर्यंत ट्रॅफिक. चालत आलो असतो तर लवकर पोचलो असतो.

खरी अडचण पुढेच होती. जुने टायर टाकून द्यायचे तर टायरवाला नगामागे पैसे घेतो. आपण पैसे देऊन माल टाकायचा, हे नानांच्या हिशेबात बसेना. साताऱ्यात जुन्या टायरला पैसे येतात. रिमोल्ड नाही झाला तर बैलगाडीला लागतो, तेही नाही जमलं तर त्याच्या चपला होतात. त्यामुळे जुने चारही टायर तळघरात ठेवले होते, आणि परतीच्या आदल्या रात्री बाथरूममधून धप्प असा आवाज आला. नाना एक टायर घेऊन वजनकाट्यावर उभे होते.

"दहा किलो," ते म्हणाले. "तेवीस किलो नेता येतं ना? दोन बसतात. तीन किलोत माझे कपडे."

मी इंजिनिअर असल्याने कागद घेतला. टायरचा व्यास ६४ सेंटिमीटर, दोन एकावर एक ठेवले तर जाडी ४५. बॅगेची लांबी, रुंदी, उंची मिळून विमान कंपनी १५८ पर्यंत चालवून घेते. हे १७३ होतात.

नानांनी टायर हॉलमध्ये आणला, गालिच्यावर आडवा टाकला आणि त्यावर बसून पाहिला.

"हवा कुठं हाय त्यात, जावईबापू? तुम्ही त्या कडेनं बसा. चेन मी लावतो."