घरात सगळं आहे की!

आत्ताच सांगलीच्या विश्रामबागेतल्या आहार-आरोग्य प्रदर्शनातून आले. पर्स खाली ठेवली आणि लिहायला बसले, कारण डोकं तापलंय. उद्यावर ढकललं तर थंड होईन आणि लिहायचं राहूनच जाईल.

प्रदर्शन मोठं होतं. नाचणीची बिस्किटं, ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा, शेवग्याच्या पाल्याची पावडर, बीपी-शुगरची मोफत तपासणी. 2023 हे तृणधान्य वर्ष झालं, तेव्हापासून आपली बाजरी पाकिटात जाऊन बसली आहे. दाराशीच पाटी होती, 'अस्सल चुलीवरची भाकरी'. ताट 150 रुपये. शाळूची भाकरी, हुलग्याचं माडगं, उडदाचं घुटं, खर्डा. पाटीखाली पत्र्याच्या मांडवात, चुलीपुढं एक मावशी बसलेली. काटवटीत पीठ मळायचं, थापायचं, तव्यात टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, की आराला लावायची. भाकरी टम्म फुगली की लोक मोबाईल पुढं करायचे. व्हिडिओत मावशीचे फक्त हात येत होते. मनगटापर्यंत पीठ आणि वर भाजल्याचे जुने डाग.

आत एका आहारतज्ज्ञ मॅडमचं व्याख्यान होतं. सरकारच्या 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीतला आकडा त्यांनी पडद्यावर दाखवला. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54 टक्क्यांना रक्त कमी आहे. मग उपाय सांगितले. पालेभाजी खा, वर लिंबू पिळा, जेवणाबरोबर चहा घेऊ नका, लोखंडी कढई वापरा. सगळं बरोबर, एक अक्षर खोटं नाही. पण शेवटी म्हणाल्या, "मैत्रिणींनो, तुम्हीच स्वतःची हेळसांड करता." आणि सभागृहातल्या बायकांनी माना खाली घातल्या. तिथं मला बसवेना.

बाहेर आले तर साडेतीन वाजले होते. मावशी एका हातानं जाळ सारत होती आणि दुसऱ्या हातानं चहात बिस्कीट बुडवून खात होती. तिच्या शेजारी टोपल्यात तीस-चाळीस भाकऱ्या.

"मावशी, जेवला नाही?"

"गर्दी हाय की ताई. उरकलं की खाते."

उरकलं की. हे दोन शब्द ऐकत मी लहानाची मोठी झाले.

मी नववीत होते. तासगाव तालुक्यातलं आमचं गाव. सकाळी भाकऱ्या करता करता आई काटवटीवरच आडवी झाली. तिच्या हाताचं पीठ वाळेपर्यंत कुणाला कळलंच नाही, आम्हाला वाटलं ती शेण काढायला गोठ्यात गेली. सांगलीला आणलं. हिमोग्लोबिन अवघं 6.4. डॉक्टर म्हणाले, "ह्या जेवत नाहीत का?" दादा, म्हणजे माझे वडील, खरोखर गोंधळले. म्हणाले, "घरात सगळं आहे की!"

आणि होतंच. शाळूची पोती होती, शेंगा होत्या, परसात शेवगा होता, दोन म्हशी होत्या. दूध दोन्ही वेळा डेअरीला जायचं आणि आई कोरा चहा प्यायची. आधी आजोबा-दादा, मग आम्ही पोरं, मग गडी, मग ती. तोवर आमटीचं नुसतं पाणी उरलेलं असायचं. तिला कुणी खाऊ नको म्हणालं नव्हतं. पण तिचं ताट कुणी वाढलंही नव्हतं.

म्हणून सांगते, बायकांना हेळसांडीचा दोष देऊ नका. बाजरीत लोह असतं हे ठाऊक नाही म्हणून रक्त कमी होत नाही. बाजरी तिच्यापर्यंत पोचतच नाही! ही एक ओळ त्या पडद्यावर का नव्हती? व्याख्यानाला नवऱ्यांना का बोलावलं नाही? आणि कृपा करून अन्नपूर्णा वगैरे म्हणू नका. अन्नपूर्णा म्हणून म्हणूनच तिला शेवटच्या पंगतीला बसवलंय आपण.

बचत गटाच्या बायकांना अशा प्रदर्शनात चार पैसे मिळतात, ते मान्य. आमच्या ह्यांचंही म्हणणं पडलं की मावशीला कामाचे पैसे मिळतात, तिनं मागून खावं. असेल. पण जिला आयुष्यभर कुणी विचारलं नाही, तिच्या तोंडून मागणं निघत नाही हो.

दादांबद्दल एक लिहायचं राहिलं, नाहीतर अन्याय होईल. आई दवाखान्यातून घरी आली त्या संध्याकाळी त्यांनी धार काढली आणि डेअरीची किटली भरायच्या आधी तांब्याभर दूध फळीवर वेगळं ठेवलं. काही बोलले नाहीत. पुढं म्हशी विकेपर्यंत तो तांब्या चुकला नाही. आईचं रक्त वाढलं ते गोळ्यांनी, दुधात लोह फारसं नसतं, हे मॅडमनी आज सांगितलं ते खरंच आहे. तरीपण त्या घरात आईसाठी आधी काढून ठेवलेली ती पहिली वस्तू होती. तिनं पहिल्या दिवशी ते दूध प्यायलंच नाही, आम्हाला वाटून टाकलं. दुसऱ्या दिवशी दादा तिच्यासमोर बसून राहिले.

लिहिता लिहिता आठवलं, काल रात्री मी पण ओट्याशी उभी राहून जेवले. सगळ्यांचं झाल्यावर.

उद्या प्रदर्शनाचा शेवटचा दिवस आहे. मावशीला सांगून आलेय, साडेबाराला येते, तासभर मी चुलीपुढं बसते, तुम्ही पाट घेऊन जेवायला बसा. ती म्हणाली, "मालकांना इचारायला लागंल." मी स्टॉलच्या मालकांना विचारलं. हो म्हणाले. डब्यात मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाची फोड नेणार आहे. भाकरी तिथलीच, तव्यावरनं थेट तिच्या ताटात. कुणाला यायचं असेल तर या, वाढायला एक माणूस लागेल.