जड औषध छातीपर्यंत पोचतं कसं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मागच्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. कमरेतून भूल देण्याचं औषध कण्यातल्या पाण्यापेक्षा जड असेल, तर ते छातीपर्यंत जाईलच कसं? आणि वहिनींना सिझेरियनसाठी २ मिली देऊन छातीपर्यंत बधिरता आली, मेहुण्यांना हर्नियासाठी ३ मिली देऊन जेमतेम बेंबीपर्यंत. म्हणजे सगळं अंदाजपंचे दाहोदरसे!

पहिला आक्षेप पाठीचा कणा सरळसोट धरून घेतलाय. उताणं झोपल्यावर कमरेचा तिसरा मणका सगळ्यात उंचावर येतो आणि छातीचा पाचवा-सहावा सगळ्यात खोलात जातो. आम्ही सुई घालतो ती बहुतेकदा कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांच्या मध्ये, म्हणजे जवळपास माथ्यावरच. पेशंटला उताणं केलं की औषध दोन्ही उतारांना लागतं, थोडं माकडहाडाकडे, थोडं छातीच्या खोलगटात. पुढे मानेकडे चढ आहे, तिथे ते सहसा अडतं. डेक्स्ट्रोज (एक प्रकारची साखर) घातल्यामुळे औषधाची घनता १.०२ च्या आसपास असते, कण्यातल्या पाण्याची १.००० च्या किंचित वर. एवढासा फरक पुरतो. लंडनचे सर्जन आर्थर बार्कर यांनी १९०७ च्या सुमारास कण्यासारख्या वाकवलेल्या काचेच्या नळीत रंगीत द्रावण सोडून हेच दाखवलं होतं.

आता वहिनी. भरल्या दिवसांत गर्भाशय पोटातली मोठी शीर दाबतं, रक्त कण्यातल्या शिरांकडे वळतं, त्या फुगतात आणि कमरेतल्या पाण्याला जागा कमी उरते. मग थोडं औषधही लांबवर जातं. शिवाय सिझेरियनला बधिरता छातीपर्यंत हवीच असते, नाहीतर आतली ओढाताण जाणवते. हर्नियाला बेंबीच्या आसपास भागतं. दोघांनाही हवं तेवढंच मिळालंय, तक्रार कसली?

अंदाज असतो, हे मात्र खरं. कुणाच्या कमरेत किती पाणी आहे हे टेबलावर मोजता येत नाही, उंची-वजनावरूनही नेमकं कळत नाही. म्हणूनच इंजेक्शन दिल्यावर आम्ही स्पिरिटचा बोळा मांडीवरून पोटावर, पोटावरून छातीवर फिरवत "गार लागतंय का?" असं सारखं विचारत असतो, आणि दुसरा डोळा बीपीवर. सुरुवातीच्या १५-२० मिनिटांत टेबल तिरकं करून औषध थोडंफार वळवता येतं. एकदा ते नसांत मुरलं, की टेबल कितीही हलवा, फारसा फरक पडत नाही.

वहिनींच्या हाताच्या बोटांना तेव्हा मुंग्या आल्या होत्या का, हे तेवढं विचारा. आल्या असतील, तर औषध मानेपर्यंत चढलं असावं, आणि पुढच्या ऑपरेशनच्या वेळी भूलतज्ज्ञांना आधीच सांगायला हवं.